गॅलिलिओचा दुसरा निकाल

बेर्टोल्ट ब्रेख्तने गॅलिलिओवरचं नाटक पहिल्यांदा लिहिलं ते १९३८ च्या नोव्हेंबरात, डेन्मार्कमध्ये परागंदा असताना. हिटलरच्या राज्यात सत्य पोचवायचं तर युक्तीनेच, हे त्याला पटलेलं होतं. त्या संहितेतला गॅलिलिओ इन्क्विझिशनपुढे मान तुकवतो, पण नजरकैदेत गुपचूप ‘दिस्कोर्सी’ लिहितो आणि शिष्य आंद्रेआ ते हस्तलिखित सरहद्दीपार नेतो. शरणागतीआड लढत राहणारा म्हातारा म्हणून त्याच्याकडे पाहता येतं.

पुढे कॅलिफोर्नियात नट चार्ल्स लॉटनबरोबर इंग्रजी संहिता सुरू झाली. लॉटनला जर्मन येत नव्हतं, ब्रेख्तचं इंग्रजी मोडकंतोडकं. प्रसंग करून दाखवत काम चाले. त्या काळातच हिरोशिमावर बॉम्ब पडला आणि आधुनिक भौतिकशास्त्राच्या या आद्यपुरुषाचं चरित्र ब्रेख्तला वेगळंच दिसू लागलं.

मला विलक्षण वाटतं ते हे, की घटना जवळपास त्याच राहिल्या. हस्तलिखित याही वेळी सरहद्द ओलांडतं. पृथ्वीगोलात दडवलेली नक्कल हाती येताच आंद्रेआ भारावतो. गुरूची माघार हा डावच होता, असं त्याला वाटतं. गॅलिलिओ ते कौतुक झिडकारतो. छळाची भीती वाटली म्हणून शरण गेलो आणि ज्ञान सत्ताधाऱ्यांच्या हवाली केलं, असं तो स्वतःच सांगतो. एवढं बोलून हा माणूस भेट आलेला हंस खायला बसतो! त्याची जिभेची हौस ब्रेख्तने त्या घडीलाही काढून घेतली नाही. निकाल फिरवताना पुरावा मात्र जसाच्या तसा ठेवला, हा मला त्याचा मोठा प्रामाणिकपणा वाटतो.

हे नाटक जुलै १९४७ मध्ये लॉस एंजेलिसला रंगमंचावर आलं. ३० ऑक्टोबरला अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीपुढे ब्रेख्तला उभं राहावं लागलं. त्याने सावध, निसटती उत्तरं दिली आणि दुसऱ्याच दिवशी युरोपची वाट धरली; म्हणजे वागला तो पहिल्या संहितेतल्या गॅलिलिओसारखा. यात मला दुटप्पीपणा दिसत नाही. युक्तीने जीव वाचवावा लागतो हे तो भोगून जाणत होता; त्या वाचण्याला कुणी शौर्य म्हणू नये, एवढाच त्याचा आग्रह होता. तो आग्रह बर्लिनमधल्या तिसऱ्या संहितेतही टिकला. तिच्या तालमी तो घेत होता. ऑगस्ट १९५६ मध्ये तो गेला, तेव्हा प्रयोग उभा राहायचा होता.