बटणावरचं बोट उचला

लॅपटॉपमधून टक्, टक्, टक् असा आवाज येतोय आणि पडदा काळाच आहे. बोट पॉवरच्या बटणावर आहे. एकदा बंद करून पुन्हा चालू करावं, कदाचित लागेल, असं वाटतंय. बटण एकदाच दाबा, बंद होईपर्यंत धरून ठेवा, चार्जर काढा आणि बोट उचला. मग बसा. यापुढचा थोडा वेळ काहीच करायचं नाही, आणि हेच अवघड जातं.

सावलीत अशा वेळी धीर ठेवणं जास्तच कठीण. मूलहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव. मोबाइल दुरुस्त करणारा सापडेल, पण हार्ड डिस्क उघडण्याची सोय नागपुराशिवाय जवळ कुठली? म्हणून घरीच काहीतरी करून बघण्याचा मोह होतो. तो मोह मनात येऊ द्या, फक्त हातापर्यंत येऊ देऊ नका.

आता त्या चपट्या डबीच्या आत मनानं जाऊ. आत काचेची किंवा अॅल्युमिनियमची, आरशासारखी लखलखीत तबकडी आहे. लॅपटॉपमधल्या बहुतेक डिस्कमध्ये ती मिनिटाला 5400 वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला 90 फेरे. तिच्या काठाचा वेग मोकळ्या रस्त्यावरच्या एसटीइतका भरतो, ताशी साठ किलोमीटरच्या वर. तिच्यावर वाचणारं हेड टेकलेलं नसतं. फिरण्यातून तयार होणाऱ्या हवेच्या थरावर ते तरंगतं, अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर. माणसाच्या केसाची जाडी पन्नास हजार नॅनोमीटरच्या वर असते. बोटाचा तेलकट ठसा, धुराचा कण, रस्त्याची धूळ, यांतलं काहीही त्या फटीत मावत नाही. डबी हवाबंदही नसते. तिला श्वासापुरतं बारीक छिद्र असतं, आतून गाळणी लावलेलं. हे छिद्र झाकू नये, असं अनेक डिस्कवर छापलेलंच असतं.

जरा थांबा इथं. तुमच्या लेकीच्या पाचव्या वाढदिवसाचा फोटो त्या तबकडीवर कसा आहे, याचा विचार करा. तो चित्र म्हणून नाहीच. चुंबकीय थरातल्या सूक्ष्म ठिपक्यांची दिशा, इकडे किंवा तिकडे, एवढंच. वीज गेली तरी ती दिशा तशीच राहते. आणखी एक गोष्ट मला फार आवडते: चालता चालता डिस्कची वीज तुटली, तर तबकडी थांबण्याआधी तिच्या उरलेल्या फिरण्यातूनच मोटर थोडी वीज तयार करते आणि त्या विजेवर हेड उचलून सुरक्षित जागी नेऊन ठेवलं जातं. एवढी काळजी बनवणाऱ्यानं आधीच घेतलेली आहे.

मग टक् टक् कसली? हेडला आपली जागा सापडत नाही. ते मूळ ठिकाणी परत जातं, पुन्हा शोधायला निघतं, पुन्हा परततं. हेडच मोडलेलं असेल तर प्रत्येक फेरीत ते तबकडी खरवडत असतं, आणि खरवडून निघालेला थर कुठल्याही तज्ज्ञाला परत चिकटवता येत नाही. तुम्ही जितक्या वेळा चालू करून बघाल, तितक्या वेळा हे होईल.

शेजारी सांगतील, फ्रीझरमध्ये ठेव. नका ठेवू, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. कोणी सांगेल, तांदळाच्या डब्यात पुरून ठेव. आपल्या धानपट्ट्यात तांदळाला तोटा नाही, पण तो भातासाठी ठेवा. यूट्यूबवर कोणी स्वयंपाकघराच्या ओट्यावर डिस्क उघडून दाखवतो. त्याच्या डिस्कमध्ये गमावण्यासारखं काही नव्हतं, एवढंच त्यातून कळतं.

आवाज नसेल आणि फाइल चुकून पुसली गेली असेल, तर गोष्ट वेगळी. हार्ड डिस्कवर पुसणं म्हणजे यादीतून नाव कमी होणं. मजकूर त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तसाच असतो. म्हणून फाइल परत आणणारं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर कधीच टाकायचं नाही. नव्या लॅपटॉपमध्ये हलती तबकडी नसलेली एसएसडी असेल तर आशा कमी ठेवा. तिथं पुसलेली जागा यंत्र स्वतःच रिकामी करत राहतं. डिस्क नुसतीच मंदावली असेल, तर जाणकार माणूस आधी तिची हुबेहूब नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेतो आणि पुढचं सगळं काम नकलेवर करतो. जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्राम यासाठी वापरतात. जे सहज वाचता येतं ते तो आधी घेतो, अडलेल्या जागा खुणेनं सोडून पुढे जातो आणि शेवटी त्यांच्याकडे परत येतो.

तुम्हीही आता तसंच करा. आत काय काय आहे ते एकेक आठवा, घाई न करता. सातबारा? पुन्हा निघेल, डिजिटल सहीचाही मिळतो. आधार, मार्कशीट, जातीचा दाखला? हेलपाटे होतील, पण निघतील. सिनेमे, गाणी? सोडून द्या. लॉकडाऊनमधले फोटो कदाचित भावाच्या फोनमध्ये सापडतील. एकेक वस्तू अशी बाजूला झाली की खाली फार थोडं उरतं. जे उरतं त्याच्यापाशी थोडं जास्त बसा.

या भागात त्या उरलेल्यात बरेचदा म्हाताऱ्या माणसाचं बोलणं असतं. 2006 च्या वनहक्क कायद्यानं आदिवासी नसलेल्या वननिवासींना तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची वस्ती दाखवायला सांगितली, तीही 13 डिसेंबर 2005 च्या आधीची. त्यासाठी वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही पुरावा म्हणून चालतो. ज्या घरात आजोबांना बोलतं करून कोणी लॅपटॉपवर रेकॉर्ड केलं आणि आजोबा गेले, त्या घरी डिस्कची किंमत बाजारात विचारायची नसते. ज्याच्याकडे गावाची कागदपत्रं स्कॅन होऊन पडली आहेत, त्यानं हेही आठवावं की हा माल त्याचा एकट्याचा नाही. दुकानदाराला देताना लेखी पावती घ्यावी, आणि डिस्क मेली तरी परत मागून घ्यावी.

2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला मोठा पूर आला तेव्हा काठच्या गावांत घराघरांत पाणी शिरलं. पुरात बुडालेली डिस्क उन्हात वाळवावीशी वाटते. वाळवू नका. गाळ तबकडीवर सुकला की घट्ट बसतो. ओलसर असतानाच पिशवीत बंद करून तज्ज्ञाकडे न्यावी. कोरडी डिस्क फोमात गुंडाळून डब्यात घालावी, मांडीवर धरून न्यावी. दुचाकीच्या डिकीत नको. तज्ज्ञाकडे पोचल्यावर दोनच प्रश्न विचारा: डिस्क धूळरहित खोलीत उघडणार का, आणि काही निघालं नाही तर पैसे किती. लॅपटॉपला बिटलॉकर, म्हणजे माहितीला लावलेलं कुलूप, असेल तर त्याची रिकव्हरी की सोबत न्या, नाहीतर निघालेलंही वाचता येणार नाही.

आशा किती ठेवावी? 1 फेब्रुवारी 2003 ला कोलंबिया यान कोसळलं. त्याच्या अवशेषांत मिळालेल्या जळक्या हार्ड डिस्कमधून एका प्रयोगाची सुमारे 99 टक्के माहिती काढता आली आणि 2008 मध्ये त्यावर शोधनिबंध छापून आला. आकाशातून पडलेली डिस्क वाचली. तबकडीवर ओरखडे पडलेली डिस्क मात्र टेबलावर बसल्या जागी जाते. दोन्ही खरं आहे.

आता थोडं गावाकडे बघा. 1936 च्या फेब्रुवारीअखेर आणि मार्चच्या सुरुवातीला गांधी सेवा संघाचं संमेलन याच सावलीत भरलं होतं. गांधीजी इथं जे बोलले ते आज कोणालाही वाचता येतं. ते लिहून घेतलं गेलं, छापलं गेलं, शंभर खंडांच्या वाङ्मयात गेलं आणि कितीतरी ग्रंथालयांत पोचलं. एखादी प्रत वाळवीनं खाल्ली तरी बोलणं उरतं. कपाटातल्या एकाच वहीवर विसंबलं असतं तर काय झालं असतं, ते सांगायला नको.

तुमची डिस्क नागपूरला जाऊन येईल, काही मिळेल, काही नाही. तोवर दुसऱ्या कामाला लागा. ज्यांच्या लॅपटॉपमध्ये अजून आवाज आलेला नाही, त्यांनी आज रात्री जेवणानंतर फक्त ते उरलेलं थोडंसं दुसऱ्या डिस्कवर उतरवावं आणि ती डिस्क सावलीच्या बाहेर, बहिणीकडे किंवा मित्राकडे द्यावी. वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोलीला असली तर अधिक बरं. आणि दर दिवाळीला ती एकदा उघडते का, ते बघून घ्यावं.