एक गाडी सोडलीस तरी चालेल

॥ श्री ॥

चिपळूण, गुरुवार

चि. छकुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

मंगळवारी ठाण्याला तुझ्या बाबाने गाडीत बसवून दिलं आणि संध्याकाळी मी घरी सुखरूप पोचले. अंगणात पाऊल ठेवलं तर आधी आंब्याकडेच लक्ष गेलं, आठ दिवसांत किती फळ उतरवण्याजोगं झालंय ते बघायला. पण त्याचं शेवटी सांगते, आधी तुझ्याशी बोलायचं आहे. फोनवर बोलता आलं असतं, पण परीक्षेच्या दिवसांत फोन वाजला की तुझी तंद्री मोडते. पत्राचं बरं असतं, सवड होईल तेव्हा उघडावं, अर्धं वाचून उशाखाली ठेवावं, कुणी रागावत नाही.

गेला रविवार मी दिवसभर तुझ्या आसपासच होते. मी साडेचारला उठले, कारण तुमच्या मुलुंडला काय नि इथे काय, माझे डोळे त्याच वेळी उघडतात. नळाला पाणी आलं होतं, तुझी आई पिंप भरत होती, आणि तुझ्या खोलीत गजर वाजला. पाचला वाजला, पाच-दहाला वाजला, पाच-वीसला वाजला. तू दर वेळी हात लांब करून तो बंद केलास आणि कूस बदललीस. मी उठवलं नाही गं. रात्री दोन वाजेपर्यंत दाराखालून उजेड दिसत होता, मग पाचला उठवायचं कोणत्या तोंडाने? पण गॅलरीत उभी राहिले तेव्हा वाटलं, ही वेळ तुला मिळायला हवी होती. पलीकडे नॅशनल पार्कचा डोंगर हळूहळू उजळत होता, कोकिळ ओरडून ओरडून थकत नव्हता, रस्त्यावर दूधवाल्याची सायकल सोडली तर चिटपाखरू नव्हतं. अशा वेळी वाचलेलं डोक्यात कसं बसतं ते तुला मी काय सांगणार, दहावीला तू हेच करत होतीस आणि तेव्हा आजोबा तुला चहा करून देत होते. रात्री अकराला दिवा मालव आणि पाचला ऊठ, एवढंच माझं म्हणणं. झोप तेवढीच होते, फक्त जरा अलीकडे सरकते.

आठ वाजता बाबाने रविवारचा फाफडा-जिलबी आणली. तू उठलीस, एका हातात जिलबी आणि दुसऱ्या हातात तो पिवळा पेन घेऊन उभ्याउभ्याच खाल्लंस. मी तुझ्या वहीत डोकावले, तर सगळं पानच पिवळं झालेलं. 'आजी, सगळंच महत्त्वाचं आहे,' असं म्हणालीस, आणि मला तुझी इतकी माया आली म्हणून सांगू! तुला काही सोडावंसं वाटत नाही, हा तुझा लहानपणापासूनचा प्रामाणिकपणा आहे. पोळीची कडसुद्धा कधी ताटात टाकली नाहीस. तू अभ्यास करशील, मनापासून करशील, कुणाची फसवणूक न करता पेपर लिहिशील, यात मला तसूभर शंका नाही.

मला काळजी आहे ती साडेअकराच्या पुढची.

घाटकोपरहून तुझ्या मैत्रिणीचा फोन आला, तिच्याकडे कुठल्याशा सरांच्या नोट्स आल्या होत्या, आणि तू वाऱ्यासारखी निघालीस. डबा ओट्यावरच राहिला. (तो मी खाल्ला हो, गवार छान झाली होती.) स्टेशनपर्यंत रिक्षा केलीस, कारण बसची वाट बघवेना. घाटकोपरला नोट्सची झेरॉक्स काढलीस, घरी आल्यावर कळलं की त्यातली निम्मी पानं तुझ्याकडे आधीच होती. बाहेर थंड पेय प्यायलीस, कारण डबा नव्हता. घाईत पैसा कसा गळतो बघ, कुणी चैन केलेली नसते तरी पाकीट रिकामं होतं. १९७४ च्या मे महिन्यात रेल्वेचा संप झाला, तो वीस दिवस चालला. माझ्या लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती आणि कुर्ल्याच्या क्वार्टर्समध्ये आम्ही डाळीत पाणी वाढवत दिवस काढले. तेव्हापासून मला एक सवय लागली ती अजून आहे. उद्या काय लागणार ते आदल्या रात्री एका जागी काढून ठेवायचं. तुझ्या बाबाच्या वह्यांची कोरी पानं मी दर मे महिन्यात सुईदोऱ्याने शिवून ठेवायची, जूनमध्ये त्याला कच्च्या कामाची वही तयार. तूही झेरॉक्सच्या पाठकोऱ्या पानांवर गणितं करून बघ. कागद वाचतो ते आहेच, पण चुकलं तर चुकलं असं मन मोकळं राहतं आणि हात चालतो.

पैशाचं जाऊ दे. सहा वाजता तू परत आलीस आणि हसत हसत सांगितलंस की मेगाब्लॉक होता, गाड्या उशिरा होत्या, सुटलेली गाडी तू धावत पकडलीस आणि दारातल्या एका बाईने हात धरून तुला आत ओढलं. तू घामेजलेली होतीस, भुकेली होतीस, म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही. उपाशी लेकराला बोलू नये. पण रात्री मला झोप लागली नाही, आणि हे पत्र मी खरं तर त्यासाठी लिहायला घेतलं.

तुझे आजोबा रेल्वेत होते एवढं तुला माहीत आहे, पण काय करत होते ते नीट कुणी सांगितलं नसेल. ते कीमन होते, लोक चावीवाला म्हणायचे. रूळ स्लीपरला घट्ट धरून ठेवणाऱ्या चाव्या असतात, त्या गाड्यांच्या हादऱ्याने सैल होतात, त्या रोज तपासायच्या आणि ठोकायच्या. खांद्यावर हातोडा, पिशवीत पाना, लाल-हिरवी झेंडी. सकाळी कुर्ल्याहून निघायचं, एका रुळावर नजर ठेवत घाटकोपरपर्यंत चालत जायचं, परत येताना दुसऱ्या रुळावर. चावीवर हातोडा पडला की आवाजावरूनच त्यांना कळायचं, घट्ट आहे की ढिली. थंडीत पहाटे लोखंड आक्रसतं, तेव्हा रुळाला तडा जायची भीती. एप्रिल-मेच्या दुपारी ते पसरतं, तेव्हा रूळ वाकायची भीती. म्हणून बारा महिने चालणं आलंच. त्यांना घाई करता येत नसे. एका चावीवरून नजर घसरली तर वरून जाणाऱ्या हजारो माणसांचा प्रश्न.

आणि त्याच वाटेवर विद्याविहार. करमशीभाई सोमय्यांनी १९५९ साली तिथे शिक्षणाचं काम सुरू केलं, त्यामुळे आजोबांच्या काळात स्टेशनवर कॉलेजच्या मुलामुलींचे थवे असायचेच. इतकी वर्षं त्यांनी रुळावरून त्या मुलांकडे बघितलं. घरी येऊन म्हणायचे, 'किती पुस्तकं असतात गं त्या पोरांच्या हातात.' तुला तिथे प्रवेश मिळाला तेव्हा ते नव्हते. देवापुढे पेढा ठेवताना मी त्यांनाच सांगितलं, म्हटलं, आपली छकुली तुमच्या लाईनवर शिकायला निघाली.

काही दिवस असे असायचे की ते घरी येऊन जेवायचे नाहीत. हातपाय धुवायचे, पुन्हा धुवायचे, आणि भिंतीला टेकून बसायचे. मी सुरुवातीला विचारायची, मग विचारणं सोडलं. कुणीतरी रूळ ओलांडताना, कुणीतरी धावत्या गाडीत चढताना. एकदाच बोलले, 'त्याच्या पिशवीत वह्या होत्या.' त्या रात्री तुझा बाबा, पाच वर्षांचा होता, त्याला मांडीवर घेऊन बसले आणि झोपला तरी खाली ठेवला नाही. छकुली, तुला घाबरवायला मी हे लिहीत नाही. इतकी वर्षं मनात ठेवलं होतं, रविवारी तू हसत सांगितलंस तेव्हा ते वर आलं.

ज्या मेगाब्लॉकमुळे तुला उशीर झाला त्याच्याबद्दलही सांगते, कारण आमच्या घरात रविवार हा सुट्टीचा वार कधी नव्हताच. ऑफिसची गर्दी नसते म्हणून काम रविवारी दुपारी. वरच्या तारेतली वीज बंद करतात, तार जमिनीशी जोडून घेतात, आणि मिळालेल्या चार-पाच तासांत जुना रूळ काढून नवा घालायचा, स्लीपरखाली खडी नीट भरायची, तारा तपासायच्या. खाली तापलेली खडी, वर ऊन, पाण्याची बाटली सावलीला ठेवायला सावलीसुद्धा नाही. काम पुरं झालं तरी तिथून गाडी लगेच वेगात सोडत नाहीत. मोटरमनला कळवलेलं असतं, इथे सावकाश. खडी बसते, रूळ आपली जागा धरतो, मग हळूहळू वेग वाढवतात. याला आजोबा 'कॉशन लागलंय' म्हणायचे आणि तू तापातून उठलीस की तुलाही तेच म्हणायचे, आठवतं? आता रविवारी गाडीला उशीर झाला की खिडकीतून खाली बघ. नारिंगी जाकिटं घातलेली माणसं दिसतील. त्यात तुझे आजोबा असते.

सावकाशीवरूनच आठवलं, तुझ्या मुलुंडच्या अलीकडे भांडुप आहे ना, तिथे आले असताना क्लार्क नावाच्या इंजिनिअरच्या मनात १८४३ साली ठाण्यापर्यंत रेल्वे न्यायची कल्पना आली असं सांगतात. पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला धावली १६ एप्रिल १८५३ रोजी, चौदा डबे आणि चारशे पाहुणे घेऊन. मधे दहा वर्षं गेली. आजोबांना ही गोष्ट फार आवडायची, भांडुप आलं की सांगायचेच.

मी आता लिहिते आहे त्या ओटीवरून कुंभार्ली घाटाचा डोंगर दिसतो, आणि परीक्षेच्या दिवसांत तो बघितला की महर्षी कर्वे आठवतात. ते मुरूडचे, आपल्याच जिल्ह्यातले. शाळेत असताना त्यांना परीक्षेला बसायचं होतं, केंद्र साताऱ्याला. ऐन पावसाचे दिवस. सोबत्यांबरोबर पाठीवर सामान घेऊन हा घाट चढून ते पायी गेले, शंभराहून जास्त मैल. पोचले, तर परीक्षा घेणारे म्हणाले, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, आणि बसू दिलं नाही. वय पूर्ण होतं, पण अंगकाठी लहान! एवढं चालून गेलेलं पोर तसंच परत आलं. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन त्यांनी ती परीक्षा दिली. मॅट्रिक झाले तेव्हा तेवीस वर्षांचे होते, बी.ए. झाले १८८४ साली. मग १९१६ मध्ये त्यांनी बायकांसाठी विद्यापीठ काढलं, तेच एसएनडीटी, जिथे तुझी आई शिकली. मला वाटतं, साताऱ्याहून परतताना हा घाट उतरणारा तो मुलगा मनात काय म्हणत असेल? आपलं वर्ष गेलं, सगळं संपलं, असंच त्यालाही वाटलं असेल. एखादा पेपर अवघड गेला आणि तुला तसं वाटलं, तर आधी घरी ये, आमटीभात खा, नि झोप. केटी लागली, एखादा विषय राहिला, म्हणून आपल्या घरात कुणी तुझ्याकडे वेगळ्या नजरेने बघणार नाही, आणि मी तर नाहीच नाही.

तुझे अजून चार पेपर उरलेत ना? मग म्हातारीचं एवढं ऐक. हॉल तिकीट, पेनं, पाण्याची बाटली रात्रीच पिशवीत भर. घड्याळात बघून जेव्हा निघायला हवं वाटेल, त्याच्या अर्धा तास आधी नीघ. मुलुंडला गाडीला गर्दी असेल तर ती जाऊ दे, मागची येतेच. विद्याविहारला पूल लांब पडतो म्हणून रुळावर उतरू नकोस, कुणी मैत्रीण उतरली तरी तिचा हात धरून तिला पुलावरून ने. आणि पेपर सुटल्यावर गाडीतून फोन करू नकोस, घरी पोचून, हातपाय धुऊन कर. मी वाट बघीन.

आता आंब्याचं. या वर्षी फळ कमी आहे पण मोठं आहे. तुझ्या काकाने काल पहिला आंबा उतरवला, डेख न तोडता, आणि मी माळ्यावर भाताच्या पेंढ्यात आढी घातली. दोन-चार फळं वरूनच पिवळी दिसतात, शेजारची मुलं मागत होती, त्यांना आठ दिवसांनी या म्हटलं. तुझा शेवटचा पेपर होईपर्यंत आढी उघडत नाही. पेटी घेऊन काका स्वतः येईल, सकाळच्या गाडीने.

तुझी,
आजी