उजवीकडची जागा, डावीकडची जागा

शास्त्रभाग : मार्क १०:३५-४५



जब्दीचे पुत्र याकोब व योहान प्रभूपाशी आले ते जागा मागण्यास. राज्य येणार हे त्यांस कळले होते. त्यात आपण कोठे बसावे एवढीच त्यांस चिंता. बाकीचे दहा जण रागावले खरे, पण त्यांचाही डोळा त्याच जागांवर नसेल कशावरून?

आपल्या देशात लोकांचे राज्य येऊ लागले तेव्हाही जागांचा प्रश्न निघाला. १९३५ च्या कायद्याने मुंबई इलाख्याच्या विधानसभेत १७५ पैकी ३ जागा हिंदी ख्रिस्ती लोकांस राखून दिल्या होत्या, व त्यांकरिता मत देणारेही ख्रिस्तीच. के. टी. पॉल यांस ही विभक्त मतदारसंघांची भिंत पूर्वीच अमान्य होती. पुढे घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी, जे स्वतः ख्रिस्ती होते, त्यांच्याच ठरावावरून सल्लागार समितीने ११ मे १९४९ रोजी धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा काढून टाकण्याची शिफारस केली. त्याच महिन्यात घटना समितीने ती मान्य केली. जागा गेल्या, परंतु धर्म पाळण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य राज्यघटनेत सर्वांस मिळाले.

हा त्याग मी योग्य मानतो. तरी एक गोष्ट मनास टोचते. ज्यांनी जागा सोडल्या ते शिकलेसवरलेले होते. गावकुसाबाहेरच्या आपल्या वाडवडिलांपैकी बहुतेकांस, जमीन नाही व शिक्षण नाही म्हणून, १९३५ च्या कायद्याखाली मतही नव्हते. त्यांस कोणी विचारले नाही. मग १० ऑगस्ट १९५० च्या हुकुमाने हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणारा मनुष्य अनुसूचित जातीचा गणला जाईना. १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध बांधव त्यात घेतले गेले. ख्रिस्ती बाहेर राहिले. विहिरीवरची वागणूक मात्र बाप्तिस्मा पाहून बदलली नव्हती.

म्हणून काही घरांत कागदावर एक धर्म व प्रभुभोजनाच्या मेजापाशी दुसरा, असे होते. त्या घरांस बोल लावण्यास माझी जीभ उचलत नाही. मुलाची शिष्यवृत्ती जाईल हे आईला दिसते. पण लपून राहिल्याने मुलास आपल्या प्रभूची लाज वाटू लागते, हेही मी पाहिले आहे.

फिलिप्पैत पौलाने काय केले? (प्रेषितांची कृत्ये १६:३७). चौकशीवाचून फटके मारून गुपचूप सोडू पाहणाऱ्या अधिकाऱ्यांस त्याने स्वतः येऊन बाहेर न्यावयास सांगितले. त्याने खुर्ची मागितली नाही. नागरिकाचा न्याय मागितला, तोही आपले नाव व विश्वास न लपविता. मला वाटते, मागे राहणाऱ्या त्या लहानशा मंडळीकडे त्याचे लक्ष होते. आपले अर्जही असेच उघड्या नावाने जावेत. आपल्याकरिता उजवीकडची जागा मागणे निराळे, आणि भावाच्या लेकराकरिता न्याय मागणे निराळे.

उपदेशक बंधूंस एक विनंती. अशा घरी जाल तेव्हा मंडळीची नोंदवही पिशवीतच असू द्या. आधी मुलाच्या शाळेची चौकशी करा, आणि फीचे कसे जमले ते विचारा.