यश कुणाचे, किंमत कुणाची?

‘शस्त्रक्रिया यशस्वी झाली’ हे शब्द कानी पडले की रुग्णालयाच्या बाकावर ताटकळलेले आपण परमेश्वराचे आभार मानतो. पण यश म्हणजे नेमके काय, आणि ते कुणाच्या दृष्टीने, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. काही दुखणी मात्र तो टाळू देत नाहीत.

कॉर्डोमा हा कण्याच्या हाडात होणारा दुर्मीळ कर्करोग. दहा लाख माणसांमागे वर्षाकाठी साधारण एकाला तो होतो. आईच्या उदरात गर्भाचा कणा घडताना जो मृदू दोरा आधाराला असतो, त्याच्या मागे राहिलेल्या पेशींतून ही गाठ उद्भवते. पुष्कळदा माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडात, म्हणजे त्रिकास्थीत. ती सावकाश वाढते. त्यामुळे कित्येक महिने कंबरदुखी समजून मलम चोळण्यातच जातात. नेहमीच्या केमोथेरपीला ती फारशी दाद देत नाही.

म्हणून मुख्य भिस्त शस्त्रक्रियेवर. गाठ भोवतीच्या निरोगी आवरणासह, न फुटता, एकसंध काढावी लागते. पेशी सांडल्या तर रोग त्याच जागी परतण्याचा धोका फार वाढतो. स्वीडनचे बर्टिल स्टेनर आणि जपानचे कात्सुरो तोमिता या शल्यविशारदांनी अशा शस्त्रक्रियांची वाट आखून दिली. खरी संधी पहिल्याच वेळी असते. यास्तव तपासणीसाठी तुकडा काढण्यापासून सारे अनुभवी केंद्रातच व्हावे.

परंतु मूत्राशय व गुदद्वार यांवर ताबा ठेवणारे मज्जातंतू याच त्रिकास्थीतून बाहेर पडतात. गाठ वरपर्यंत पोहोचली असेल, तर दोन्ही बाजूंचे दुसऱ्या पातळीपासून खालचे तंतू कापावे लागतात. मग लघवीसाठी नळी, शौचावर ताबा नाही, दांपत्यजीवनही पूर्वीचे राहत नाही. तिसऱ्या पातळीचा एका बाजूचा तंतू वाचला, तरी पुष्कळदा काही ताबा टिकतो. डॉक्टरांच्या नोंदीत ‘कडा स्वच्छ’ असे लिहिले जाते; त्या स्वच्छतेची किंमत रुग्ण रोज पहाटे मोजतो. दुसरा मार्ग किरणोपचारांचा. जपानमधील चिबा येथे 1994 पासून कार्बन किरणांचे उपचार होत आहेत. आपल्याकडे खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत 2023 पासून प्रोटॉन उपचार मिळू लागले. तरी प्रत्येक मार्गाला आपापली जोखीम आहेच.

मग निवड कुणी करायची? पोप पायस बारावे यांनी 1952 साली सांगितले, की अवयव संपूर्ण देहासाठी असतो. देह वाचवण्यासाठी त्याचा त्याग करणे गैर नाही. 1957 साली भूलतज्ज्ञांपुढे बोलताना त्यांनी दुसरी बाजू मांडली: प्राण राखण्यासाठी साधारण उपाय योजणे हे कर्तव्य आहे, स्वतःवर वा इतरांवर असह्य भार टाकणारे उपाय बंधनकारक नाहीत. डॉक्टरला रुग्णाच्या संमतीवाचून स्वतंत्र अधिकार नाही, हेही त्यांनी तेव्हाच स्पष्ट केले. म्हणजे शस्त्रक्रिया स्वीकारणारा जीवनलोभी नव्हे आणि नाकारणारा श्रद्धाहीन नव्हे.

पण आपल्या घरांत काय घडते? ‘डॉक्टर, आईला काही सांगू नका,’ असे आपण दाराआड विनवतो. ती खचेल, ही भीती खोटी नसते. त्यामागे माया असते. तरीही विचार करावा. ज्या देहाचे तंतू कापले जाणार, तो देह तिचा. उरलेली वर्षे कशी जगायची हे ठरवण्याचा अधिकार आपण मायेपोटी तिच्याकडून काढून घेतो. शुद्धीवर आल्यावर तिला पहिल्यांदा नळी दिसते, आणि तेव्हा ‘मला का विचारले नाही?’ या तिच्या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नसते.

सत्य एका दमात सांगावे असे नाही. तिला जेवढे जाणून घ्यायचे आहे तेवढे, हळुवारपणे, हात हाती घेऊन सांगावे. ‘आई, तुला सर्वांत जास्त काय जपावेसे वाटते?’ असे विचारावे. ती चालणे म्हणेल, नातवाचे लग्न पाहणे म्हणेल, किंवा शेवटपर्यंत स्वतःचे स्वतः करणे म्हणेल. तिचे उत्तर ऐकल्यावरच कोणते यश मागायचे, हे डॉक्टरांना सांगता येईल.