बडनेऱ्यापर्यंतचं पुण्य

राजापेठ चौकात चहा पिताना मित्राने मोबाईल पुढे केला. रीलमध्ये लॅम्बोर्गिनीची रेव्हुएल्टो अजिबात आवाज न करता पार्किंगमधून बाहेर येत होती.

"आठ कोटी एकोणनव्वद लाखाची हाय. अन् हायब्रीड हाय," तो म्हणाला.

"बॅटरीवर किती चालते बे?"

त्याने शोधलं. साधारण १० किलोमीटर.

"म्हंजे इथून बडनेऱ्यापर्यंत!"

आम्ही दोघंही हसलो. पण घरी येईपर्यंत एक प्रश्न डोक्यात राहिला. जी गोष्ट मुळातच गरजेच्या पार पलीकडची आहे, ती थोडी कमी घातक केली तर चांगली होते का?

आधी गाडीची बाजू ऐकू. सगळ्या गाड्या २०२४ अखेर हायब्रीड करू, असं लॅम्बोर्गिनीने २०२१ मध्ये जाहीर केलं आणि त्याप्रमाणे २०२३ मध्ये रेव्हुएल्टो, २०२४ मध्ये उरुस एसई आणि टेमेरारिओ आणल्या. रेव्हुएल्टोचं उत्सर्जन आधीच्या अ‍ॅव्हेंटाडोरपेक्षा ३० टक्के कमी, असं कंपनी सांगते. शिवाय २०२४ मध्ये या कंपनीने जगभरात मिळून १०,६८७ गाड्या दिल्या. एवढ्याशा गाड्यांनी असं काय आभाळ फाटणार?

मुद्दा खोटा नाही. पण हिशेबाचं दुसरं पान पाहू. अ‍ॅव्हेंटाडोरच्या शेवटच्या आवृत्तीची ताकद ७८० अश्वशक्ती होती. रेव्हुएल्टोचं नुसतं पेट्रोल इंजिन ८२५ चं आहे आणि तीन मोटारी धरून एकूण १,०१५. बॅटरीत वीज मावते ३.८ युनिट. शून्यापासून १०० चा वेग अडीच सेकंदांत. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरची लेन बांधून गिनीज विक्रम झाला, तो रस्ता आपल्याला माहीत आहे. चौपदरी महामार्गावर कारला केंद्राने ठरवलेली कमाल वेगमर्यादा १००. म्हणजे अडीच सेकंदांत कायद्यातली मजा संपली. उरलेली ताकद कशासाठी?

विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सने १८६५ मध्येच लिहून ठेवलं होतं की इंजिनं कमी कोळशात जास्त काम करू लागली की कोळसा वाचत नाही, उलट जास्त जळतो. कारण वाचलेलं आपण शिल्लक ठेवत नाही, नवीन हौशीत घालतो.

गंमत म्हणजे लॅम्बोर्गिनीची सुरुवात नेमकी उलट होती. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी शेतकऱ्याचा मुलगा. महायुद्धानंतर लष्कराच्या भंगार सामानातून तो ट्रॅक्टर बनवू लागला. पेट्रोल महाग होतं, म्हणून त्याने अशी सोय केली की ट्रॅक्टर पेट्रोलवर सुरू व्हायचा आणि मग स्वस्त डिझेलवर चालायचा. दोन इंधनांची युक्ती तेव्हाही होती, पण ती शेतकऱ्याचा खिसा राखायला होती. आज तसाच दुहेरी जोर आधीच सुसाट असलेल्या गाडीला आणखी सुसाट करतो.

म्हणून मला वाटतं, चांगलं-वाईट यंत्रात शोधू नये. वाचलं ते कुठे गेलं, हे विचारावं. कमी केलेलं नुकसान हे नुकसानच असतं. ते कमी झालं याचा आनंद मानावा, पण त्याला पुण्य म्हणू नये. मे महिन्यात पंचेचाळीसला टेकणारं ऊन, धूर कोणाच्या हौसेचा होता हे विचारून तापत नाही. कपाशीच्या शेतात डवरणीला जाणाऱ्या माणसाने तर हौसही केलेली नसते.

आता हे आठ कोटीवाल्यांना सुनावणं सोपं आहे, कारण ती गाडी आपण घेणारच नाही. पण आमच्या घरी फाइव्ह स्टार एसी आल्यापासून तो रात्रभर अठरावर चालतो. आधीचा जुना एसी बिलाच्या धाकाने बाराला बंद व्हायचा. मी आईला म्हणतो, "अगं, हा वीज वाचवतो!" माझंही पुण्य बडनेऱ्यापर्यंतच पोचतं.

काल रात्री एसी सव्वीसवर ठेवला. दोन वाजता गरम झालं, तेव्हा हात रिमोटकडे गेलाच.