तीताच्या जिवाला विसावा
वाचन : २ करिंथ ७:५-१६

पश्चात्ताप म्हणजे मी आणि देव, बाकीच्यांचा काय संबंध, असं आपण सहज म्हणतो. पण करिंथची मंडळी बघा. पौलाने त्यांना कडक पत्र धाडलं आणि मग स्वतःच अस्वस्थ झाला. त्रोवसात सेवेचं दार उघडं होतं, तरी तीत भेटेना म्हणून त्याला चैन पडेना. (प्रेषितालासुद्धा उत्तराची वाट बघवत नाही!)

शेवटी मासेदोनियात तीत भेटला. करिंथकर दुखावले होते, पण रुसून बसले नव्हते. ते वळले होते. त्यांच्यामुळे तीताच्या जिवाला विसावा मिळाला आणि त्याचा आनंद पाहून पौल सुखावला.

आणि अपराध करणारा? त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल, असं पौलाने आधीच बजावलंय (२:७). आपण मात्र परतलेल्याला वर्षानुवर्षं मागच्याच बाकावर बसवतो.