अडखळणाऱ्या मुलाची पाळी

अडखळत बोलणाऱ्या मुलाची थट्टा करणे वाईट, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच्यावर दया करतानाही अन्याय होऊ शकतो काय? शब्बाथ शाळेत वचने म्हणण्याची पाळी त्याच्यापर्यंत येते आणि शिक्षक प्रेमाने म्हणतात, "असू दे बाळ, तू बस." कोणी हसत नाही, पण त्याची पाळी जाते. आपल्या बोलण्यावाचून कोणाचे काही अडत नाही, एवढेच मूल त्यातून शिकते.

बोलण्याच्या अडचणी एकाच जातीच्या नसतात. कोणी 'काका'ऐवजी 'टाटा' म्हणते, कोणास शब्द उशिरा सुचतात, कोणी तोतरे असते. तोतरेपणा बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतो व पुष्कळांचा आपोआप जातो. मात्र तो टिकून राहिला, तर नुसती वाट पाहत बसू नये. बोलणे उशिरा किंवा अस्पष्ट असेल, तर प्रथम कान तपासावेत. कारण नीट ऐकू न येणाऱ्या मुलास नीट बोलणे कठीण जाते. मग वाचा-उपचारतज्ज्ञांस दाखवावे. या कामासाठी म्हैसूर येथे 1965 साली व मुंबईत 1983 साली राष्ट्रीय संस्था स्थापन झाल्या.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांस एक सल्ला हमखास मिळतो: घरी मराठी, शाळेत कन्नड, गुजराती किंवा इंग्रजी, म्हणून मूल गोंधळते, तेव्हा घरची मराठी बंद करा. हा सल्ला चुकीचा आहे. दोन भाषांमुळे भाषादोष होत नाही. खरा दोष असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो. अडचण फक्त शाळेच्या भाषेत असेल, तर बहुधा त्या भाषेचा सराव कमी आहे, इतकेच. आजीशी बोलण्याची भाषा हिरावून घेणे हा उपचार नव्हे.

उपचार तज्ज्ञांनी करावा. पण त्यांची भेट आठवड्यातून तासभराची, आणि मूल उरलेला आठवडा आपल्यामध्ये असते. तेथे आपले काम साधे आहे. त्याचे वाक्य आपण पुरे करू नये. "सावकाश बोल, श्वास घे" असे सारखे सांगू नये. आपणच सावकाश बोलावे. दोघांनी मिळून एका सुरात वाचले की तोतरेपणा बहुतेक नाहीसा होतो. म्हणून आरंभी त्यास सोबती द्यावा.

कोणी म्हणेल, सर्वांसमोर उभे केल्यास ते मूल लाजेल. ही भीती खरी आहे, म्हणून बळजबरी नको. मार्काच्या सुवर्तमानात प्रभूने बहिऱ्या व बोलण्यास अडखळणाऱ्या मनुष्यास लोकसमुदायातून बाजूला नेले. आपणही मुलास बाजूला घेऊन विचारावे: एकट्याने म्हणशील, जोडीने म्हणशील, की पुढच्या रविवारी? निवड त्याची असावी. विचारून थांबणे निराळे आणि न विचारता वगळणे निराळे.

मोशेनेही आपल्या जड जिभेची सबब सांगितली होती. देवाने त्यास अहरोनाची सोबत दिली, पण त्याचे काम काढून घेतले नाही. पुढे अनुवादाच्या पुस्तकाचा बहुतेक भाग त्याच मोशेच्या भाषणांनी भरला आहे. तेव्हा शिक्षकहो, वर्गात घड्याळाकडे न पाहता आणखी एक मिनिट ऐकण्याची आपली तयारी आहे काय?